ताहेराच्या घरात मी

१० नोव्हेंबर १९६१, शुक्रवार. भाऊबीज

ओवाळून झालं. तबकात काही टाकायचं राहिलं बाजूला, उलट बलभीमनं माझ्यापुढंच हात पसरला! "ताई, ताहेराच्या घराची चावी दे." मी म्हटलं, भाऊबीजेला भाऊ मागतो का रे कधी?

बलभीम हैद्राबादेत चित्रकला शिकतो. दिवाळीला आला की एखादं खूळ घेऊनच येतो. ह्या खेपेचं खूळ असं — किल्ल्याकडच्या बोळात ओळीनं तीन रिकामी लाकडी घरं आहेत, मधलं ताहेराचं, त्यांत "काम" मांडायचं म्हणे. कसलं काम? चित्र? नाही. नाटक? नाही. "दोन्हीच्या मधलं." म्हणजे काय, ते त्यालाही धड सांगता येईना.

चावी दिली नाही. रागानं अनारसेही खाल्ले नाहीत त्यानं.

११ नोव्हेंबर

चावी माझी नाहीच. पोलीस ॲक्शनच्या वर्षी हैद्राबादला निघताना, गाडीत बसता बसता कुलसुमखालांनी — ताहेराच्या आईनं — ती माझ्या मुठीत कोंबली. "अयोध्या, आठ दिवसांत येतो. तोवर सांभाळ, पोरी." ताहेरा माझी जिवाभावाची मैत्रीण. गाडी वळेपर्यंत मागं बघत होती.

आठ दिवसांची तेरा वर्षं झाली. दर दसऱ्याला जाते, झाडते, खांब पुसते, कुलूप घालून येते. ह्याहून जास्त काय सांभाळायचं असतं, मला कुणी सांगितलेलं नाही.

१३ नोव्हेंबर

आमचे हे कचेरीतून आले ते बातमी घेऊनच. तिन्ही घरांना नोटीस लागली! पडकी आहेत, धोक्याची आहेत. तीस तारखेपर्यंत मालकानं स्वतः येऊन हक्क सांगावा, नाहीतर पाडणार.

कडेच्या दोन घरांना वारसच उरले नाहीत. पण मधल्याला ताहेरा आहे ना! जुन्या पत्त्यावर पुन्हा पत्र टाकलं. मागची दोन परत आली होती. मग घड्याळवाल्या खाजाभाईंकडं गेले, त्यांच्याकडं हैद्राबादची माणसं येत-जात असतात. म्हणाले, "निरोप धाडतो बाई. पोचंल का न्हाय, अल्ला जाने."

१४ नोव्हेंबर

चावी दिली.

का दिली? बलभीम म्हणाला, "पाडायच्या आधी लोकांनी एकदा त्या घरांत जावं, एवढंच मागतोय." मला वाटलं, बोलबाला झाला तर कचेरीवाले थांबतील. मला वाटलं, ताहेराच्या कानावर जाईल. का नुसतीच भावाची माया म्हणायची? काही कळत नाही.

१९ नोव्हेंबर

काय हे! पहिल्या घरात तुळयांना सुतळीनं शंभरएक पणत्या उलट्या टांगल्यात. तिसऱ्यात गावभरच्या तुटक्या चपला, सगळ्या दाराकडं तोंड करून. ताहेराच्या घरात मात्र काहीच नाही. नुसते खांब ओल्या फडक्यानं पुसून काढलेत. सागाचा असा वास सुटलाय!

"इथं तू बसायचं," म्हणाला.

मी?

प्रत्येक घरात एक माणूस. रोजानं दोघं ठरवलेत: पहिल्यात दगडोबा चऱ्हाट वळणार, तिसऱ्यात नागम्मा जातं ओढणार. मी मधल्या घरात खांबाला टेकून सुपारी कातरायची, कुलसुमखाला बसायच्या त्याच जागी. मान वर करायची नाही. कुणी काहीही विचारलं तरी एकच सांगायचं — "हे माझं घर."

"खोटं बोलू?" म्हटलं.

"खोटं नाही ताई. काम आहे."

दगडोबानं विचारलं, "मालक, पर ह्यातनं लोकांनी समजायचं काय?" तर म्हणे, समजलंच पाहिजे असं काही नाही. दगडोबा माझ्याकडं बघून गालात हसला.

आमच्या ह्यांना सांगितलं. ताटावरून मान वर न करता म्हणाले, "तुझ्या भावाला एकदा सोलापूरला नेऊन डॉक्टरला दाखवू."

२५ नोव्हेंबर, शनिवार

पहिला दिवस. अशी फजिती!

दारात चपलांचा ढीग, आत माणसं गप्प — लोकांना वाटलं, मयत झालीय! पुरुष येऊन टोप्या काढून बसले, थोड्या वेळानं न बोलता उठून गेले. बोळातल्या धुरपदाबाई तर टोपल्यात पिठलं-भाकरी झाकून घेऊन आल्या. दुखवट्याच्या घरी नेतात तसा कडू घास! "चूल पेटली नसंल. खा गं बाई दोन घास."

मी म्हटलं, "हे माझं घर."

"व्हय गं, तुझंच हाय," म्हणून पाठीवरून हात फिरवला. "पर गेलं कोण?"

मला एकदम रडूच फुटलं. मग त्याही रडल्या. कुणासाठी रडत होतो, दोघींनाही ठाऊक नाही.

बलभीम कोपऱ्यात उभा राहून वहीत काहीतरी उतरवून घेत होता. उठून थोबाडीत द्यावीशी वाटली. भाकरी दगडोबानं खाल्ली.

२६ नोव्हेंबर, रविवार

गर्दी लोटली! शेजारच्या सोनारी गावाहून गाड्या जुंपून माणसं आली. एकानं विचारलं, लिलाव कधी? तिथल्याच एका कडूबाईनं खांबाला कुंकू लावलं आणि नवस बोलून गेली. मोहल्ल्यातल्या बुरखेवाल्या बाया आल्या, बघितलं, आपसांत कुजबुजल्या, गेल्या. सगळ्यांना तेच. हे माझं घर. हे माझं घर. शंभरदा म्हटलं असेल.

दुपारनंतर जीभ आपली आपण म्हणायला लागली. आणि बरं वाटत होतं! पाठीला खांब, पायाशी ऊन, हातात अडकित्ता. क्षणभर वाटलं, आहेच की माझं. तेरा वर्षं झाडलं कुणी?

लिहायला लाज वाटते. पण इथं नाही लिहायचं तर कुठं?

२७ नोव्हेंबर, सोमवार

शेवटचा दिवस. शाळेतून अर्धी रजा काढली. गर्दी नव्हतीच. बाया दोघी-तिघींनी येत होत्या, जात होत्या.

दुपारी बुरख्यातल्या दोघी बाहेर पडल्या, तिसरी मागं राहिली. बराच वेळ उभी. मला दिसत होती ती तिची पावलं. मग हळूच म्हणाली, "हे घर कुणाचं?"

"हे माझं घर."

"तुम्हीच राहता इथं?"

"हे माझं घर."

"पोरंबाळं बरी आहेत?"

आता ह्याला काय म्हणायचं? तेच म्हटलं. तिनं खांबावर हात ठेवला, माझ्या डोक्याच्या जरा वर. बांगड्या वाजल्या. "बरं झालं," म्हणाली आणि गेली.

लगेच बलभीम धावत आला. "ताई, आज तू खरी बसलीस! आत्ता गेली ना, ती बाई बोळाच्या तोंडाशी उभी राहून रडत होती. ह्याच्यासाठीच केलं सगळं!" मिठीच मारली मला. मलाही आनंद झाला. कसला, ते विचारू नये. तीन दिवसांत माझं मलाच काही उमगेनासं झालंय.

२९ नोव्हेंबर

बलभीम कुर्डुवाडीच्या गाडीनं गेला. पणत्या गावातल्या पोरींना वाटून टाकल्या.

३० नोव्हेंबर, गुरुवार

मुदत संपली. ताहेरा आली नाही.

दोनदा एस.टी. स्टँडवर जाऊन आले. वर्गात पोरींवर उगाच ओरडले. आता कुदळी लागतील त्या खांबांना. ह्यांना म्हटलं, मी दारात आडवी पडते. म्हणाले, "कुठल्या नात्यानं?" खरंच, कुठल्या नात्यानं? कुलसुमखाला, माझ्यानं सांभाळणं झालं नाही हो.

२ डिसेंबर, शनिवार

घर पाडणार नाहीत. कचेरीत दुसऱ्या मेजावर एक अर्ज पडून होता. ह्यांनी त्याची नक्कल उतरवून आणली. तारीख २७ नोव्हेंबर. सही ताहेराबीची.

"घर मी आज स्वतः जाऊन पाहिलं. अयोध्याबाई तिथं राहतात. घर त्यांनी फार चांगलं ठेवलं आहे. त्यांना उठवू नये. घर त्यांच्याच नावे करावं, माझी काही हरकत नाही."

मी तिला साधं 'बस' म्हणालेसुद्धा नाही.