कालव्यावरचं डोहाळजेवण

लालबाग,
जानेवारी १९५६

प्रिय बकुळा,

तुझं पत्र पोचलं. होडीतलं डोहाळजेवण, आणि तेही मद्रासच्या त्या जुन्या कालव्यावर! अगं, सातवा महिना लागलाय, काही जिवाला भीती? आपल्या चाळीत होडी म्हणजे पाटाभोवती पुठ्ठ्याची केलेली. खऱ्या पाण्यात कोण नेतं गो पोटुशीला? पण जावईबापू लिहितात, कालव्याला लाटा नसतात, नावाडी काठाने चालत दोरीने होडी ओढतात, आणि महाबलीपुरमची देवळं बघायला पूर्वी साहेबलोकही मुक्कामाच्या होड्या करून तिथूनच जायचे. बरं बाई, जा. ते उरकून तू बाळंतपणाला इकडे निघणार म्हणतेस, त्याचं पुढे लिहिते.

तुझे बाबा ते पत्र घेऊन बसले होते. दुष्काळात उपाशी लोकांना मजुरीला लावून कालव्याचा एक भाग खणून घेतला, हे तू लिहिलंस ना, ते त्यांच्या डोक्यातून जाईना. ज्यांनी खणला त्यांच्यातलं कोणी त्यावर फिरायला गेलं असेल का, असं मला विचारत होते. मिलमधून आलेल्या माणसाला आणखी काय सुचणार! मी आपलं म्हटलं, होडीला छप्पर आहे का ते विचारा.

इथलं काय सांगू? संक्रांत झाली नि लगेच रेडिओवर बातमी आली, मुंबई महाराष्ट्राला नाही, केंद्राकडे राहणार. तेव्हापासून लालबाग पेटलंय. कर्फ्यू, अश्रुधूर, गोळीबार. तुझा भाऊ जगदीश घरात ठरत नाही. काल दरडावलं, तर म्हणाला, "आई, मुंबई गेली तर आपण कुठले?" त्याचं खरं आहे गो, पण जिना उतरताना तो दिसला की मी कठड्याशी येऊन उभी राहते.

पोटुशीला असलं कळवू नये, पण न कळवून चालणार नाही. तुला वारा लागावा म्हणून मी खिडकीपाशी खाट मांडून ठेवली होती. परवा दुपारी गोळी आत आली आणि उशाकडच्या भिंतीत घुसली. खाट रिकामी होती म्हणून बरं. पहिलं बाळंतपण माहेरीच, असं तुझ्या सासूबाईंना मीच ठणकावलं होतं. आता मीच सांगते, येऊ नकोस. कर्फ्यू उठला की मी गाडीत बसते. तिथली भाषा मला कळायची नाही, पाणी सोसेल की नाही तेही ठाऊक नाही. पण तुझ्या उशाशी मीच असेन.

तुझीच,
आई