दीपीचं पद आणि माझे पेढे

२ डिसेंबर
दीपी सकाळी कामावर गेली ती संध्याकाळीच आली. म्हणजे निखिलनं कामावरून काढलं न्हाई. जीव भांड्यात पडला. आज दोन घास जास्त गेले.

घोळ माझाच. वहीत कबूल करते, तोंडानं करनार न्हाई. दीपी माझी नात, सहा वर्षं निखिलच्या पॅकहाऊसला हाय, पेरू निवडून गाडीत भरतात तिथं. मागच्या आठवड्यात म्हनली, "आजी, आता मुंबईची गाडी मीच बघते." मला वाटलं, बढती. स्टीलच्या डब्यात पेढे घेऊन अख्ख्या गल्लीत वाटले, नात मॅनेजर झाली म्हणून. शेजारची चंद्री आगाऊ, तिनं निखिललाच विचारलं. तो म्हनला, "काकू, आमच्याकडं मॅनेजर असं पदच नाही."

गल्ली हसली. मग काल मी थेट पॅकहाऊस गाठलं. बाया पेरूंना फोमच्या जाळ्या घालत होत्या. सगळ्यांदेखत म्हनलं, "निख्या, ह्याच पायांवर पालथा घालून तुला दीड महिना न्हाऊ घातलंय. पोरीला पद दे."
त्याचे कान लाल. "आजी, इथं वर मी, खाली सगळे सारखे. मधली जागा मी बांधलीच नाही."
"मग बांध की."
दीपीनं क्रेटमागं तोंड लपवलं.

४ डिसेंबर
बोलत न्हाई. "आई, तिला सांग मला चहा नको." ती म्हणजे मी. समोरच बसलेली.

५ डिसेंबर
बोलली. कोपरगावच्या मोठ्या कंपनीचं पत्र आलंय. असिस्टंट मॅनेजर. १५ तारखेपर्यंत कळवायचं.
म्हनलं, "जा की मग."
"तिथं माझ्या डोक्यावर चार साहेब. पेरूला हात लावायचा न्हाई, नुसत्या सह्या."
"सह्याच तर पाहिजेत."
उठून गेली. जेवली न्हाई. पोरगी पत्र उशीखाली ठेवते, पन काढून बघत न्हाई. हे काय लक्षण?

८ डिसेंबर
दुपारी आडवी झाले, झोप न्हाई. आमच्या घरात तरी काय होतं? सासू एक, सुना पाच. मधी कोनी न्हाई. सासूबाई धडधाकट, म्हणजे आमी जन्मभर सुनाच. मी धाकटी. शेजारच्या म्हातारीकडून बाळ-बाळंतिणीचं तेल-पानी शिकले, कोनी शीक म्हनलं नव्हतं. मग तीन गावांतून बोलावनं यायचं. सासूबाई सुद्धा चारचौघांत म्हनायच्या, "धाकटीला विचारा." पद काय मिळालं? काही न्हाई.

हे दीपीला सांगनार न्हाई. लगेच जिंकल्यासारखं करील.

१० डिसेंबर
सकाळी पुणतांब्याचा एक बागायतदार दारात. पिशवीत तीन पेरू. "ताई, माल काढू का?" दीपीनं अंगठ्यानं दाबलं, देठाशी वास घेतला. "परवा काढा. आज काढला तर वाशीच्या बाजारात कच्चा म्हणून पडून राहील."
तो निघाला तसं मी विचारलं, "मालकाला का न्हाई विचारलं रं?"
"मालक पन हिलाच इचारत्यात, आजी."
दीपी चपला घालत होती. माझ्याकडं बघितलं न्हाई. बरं झालं.

१३ डिसेंबर
निखिल घरी आला. सतरंजीवर बसला, खुर्ची नको म्हनला. म्हनला, "आजी, वर मजला मला चढवायचा नाही. शेजारी खोली काढतो. सोनईला दुसरं पॅकहाऊस भाड्यानं घेतलंय. माणसं, माल, गाडी, सगळं दीपा ठरवेल. मी मधे तोंड घालणार नाही."
"पगार?"
"तुम्ही विचारणार म्हणून आधीच वाढवलाय."
दीपी म्हनली, "इथलं कोण बघणार?"
"तू शिकवशील ती."
"आणि चुकले तर?"
"चुकलीस तर चुकलीस. मी काय कमी चुकतो?"
पोराला न्हाऊ नीट घातलं होतं मी. चहात साखर जास्त टाकली.

१५ डिसेंबर
कंपनीला फोन लावला, माझ्यासमोर. "नाही, सर. आभारी आहे." एवढंच. छातीवरचा धोंडा उतरला. मीच जा म्हनत होते, ते आता कोनी काढू नये.
चंद्री आलीच. "मग झाली काय ती?"
"पेढे पचले ना तुला? मग गप बस."
दुपारी दोन तास झोपले. पंधरा दिवसांनी.

२३ डिसेंबर
सोनईला गेली. शिकवलेल्या दोन बाया बरोबर, तिसरी इथलं बघते. पहिली गाडी परवा भरायची. तिथला माल कसा निघतोय, टिकतोय का सडतोय, देव जाणे.

संध्याकाळी फोन. "आजी, इथं एका अर्जावर नावाखाली हुद्दा लिहायचाय. काय लिहू?"
गल्लीभर मॅनेजर-मॅनेजर करत हिंडले, आन् आता मेला एक शब्द सुचंना.
म्हनलं, "तुझं तू बघ."
"मग कोरंच ठेवते सध्या."
"ठेव."

पेढे आनले न्हाईत. डबा मात्र घासून उन्हात पालथा घातलाय.