पाच मिनिटं पुढचं घड्याळ

बाबूजी, मला अजून दिसतं, मी अंगणात सडा टाकते आहे, चुलीवर चहाचं पाणी उकळतं आहे आणि दरेकशाच्या रेल्वे क्वार्टरच्या पायरीवर बसून तुम्ही घड्याळाला चावी देता आहात. आंघोळीनंतर, हात कोरडे करून, रोज त्याच वेळी. मग ते कानाला लावता आणि हातोडा घेऊन रूळ तपासायला निघता. काटा पाच मिनिटं पुढं काऊन ठेवता, असं मी एकदा विचारलं होतं. "गाडी आपल्यासाठी थांबत नाही वं," एवढंच म्हणालात.

माझ्या लग्नात जावयाला नवं घड्याळ द्यायची रीत होती. तुम्ही मनगटावरचं काढून दिलंत. सासऱ्यानं उतरवलेलं दिलं, अशी मांडवात कुजबुज झाली. ह्यांनी मात्र तेच शेवटपर्यंत वापरलं. पांढरी तबकडी, साधे काळे आकडे, लांबूनही वेळ कळावी असं. पाच मिनिटं पुढंच. ते गेल्यापासून चावी मी देते. त्यांच्या अंगावरचं अजून चालू असलेलं तेवढंच आहे.

नातीला ते फार आवडतं. तिच्या मैत्रिणी हातात घेऊन बघतात, अशी आता मिळत नाहीत म्हणतात. बारावीच्या फिजिक्सच्या पेपरला तिनं ते मागितलं. मध्येच बंद पडलं तर, या भीतीनं मला धड जेवण गेलं नाही. सकाळी चावी दिली आणि पेपर आहे म्हणून मोबाइलमध्ये बघून वेळ अगदी बरोबर लावली. ती सालेकशाला गेल्यावर तांदूळ निवडायला बसले, तेव्हा लक्षात आलं. तिला तर लहानपणापासून त्यातून पाच मिनिटं वजा करायची सवय. तिचा मोबाइल घरीच होता. सूप मांडीवर तसंच राहिलं.

ती आली ती तणतणतच. "आजी, बेल आधीच वाजवली त्यांनी. एक गणित अर्धं राहिलं."

सून म्हणाली, "कॉलेज चुकलं अन् तुह्या आजोबाची घडी बरोबर काय?"

"ते कधी चुकते काय?"

मी ताट वाढायला उठले.

तिला सांगायचं ते तुम्हाला लिहिते आहे, कारण हा कागद कुठं जायचा नाही. दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावर हात कोरडे केले, चावी दिली आणि काटा पाच मिनिटं पुढं सरकवला.