कुंदाबाईच्या बाळंतपणापर्यंत बदली थांबविणेबाबत

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद, धुळे

विषय : आमखेडी उपकेंद्रातून झालेल्या बदलीस स्थगिती मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाचा दि. २२ ऑक्टोबर १९९१ चा बदली आदेश.

महोदय,

१. अर्जदार कु. प्रमिला हिलाल भदाणे ही धुळे तालुक्यातील शेतकरी कुटुंबातील असून तिने जळगाव येथे सहाय्यक परिचारिका प्रसाविकेचे प्रशिक्षण घेतले. शिंदखेडा तालुक्यातील आमखेडी ही तिची पहिलीच नेमणूक होय.

२. गेल्या श्रावणात अर्जदाराने गावातील सुगंधाबाईचे बाळंतपण केले. मूल सुखरूप झाले, परंतु वार पडल्यावर रक्तस्राव थांबेना. शिकविल्याप्रमाणे अर्जदाराने इंजेक्शन दिले व गर्भाशय आवळावे म्हणून ती पोट चोळत, दाबत राहिली. आरोग्य केंद्राची जीप शिबिरास गेलेली असल्याने बैलगाडी जोडावी लागली. डांबरी रस्ता लागण्यापूर्वीच सुगंधाबाईने प्राण सोडला. तेव्हाही अर्जदाराचा हात तिच्या पोटावरच होता.

३. नर्सने पोट दाबून बाई मारली, असे त्यानंतर गावात बोलले जाऊ लागले. लस घेऊन गेल्यास दारे लागत. गरोदर बाया अर्जदार दिसताच पदर ओढून घरात जात. दूधवाल्यानेही रतीब बंद केला. हे कानी गेल्यावर वडील येऊन म्हणाले, "बेटा, घर चाल. आठे तुनं कोन शे?" अर्जदार गेली नाही, म्हणून त्यांनी परस्पर आपणांकडे बदलीची विनंती केली. आदेश हाती पडला तेव्हा अर्जदारास सुटल्यासारखे वाटले, हेही येथे नमूद करणे भाग आहे.

४. परंतु त्याच आठवड्यात त्या दिवशी बैलगाडीत सोबत असलेली सुगंधाबाईची सासू वच्छलाबाई धाकट्या सुनेस, कुंदाबाईस, घेऊन उपकेंद्रात आली. कुंदाबाईस दिवस भरत आले असून अंगात रक्त कमी असल्याने डोळे पांढरे, पायांना सूज. आजवर तिची तपासणी झालेली नव्हती. तालुक्याच्या दवाखान्यात जाण्यास ती तयार नाही. वच्छलाबाईने तिला आत पाठविले व स्वतः उंबऱ्यातच उभी राहिली. सुगंधाबाईविषयी म्हणाली, "तू तिले सोडीसन पळनी नही, हाई मी देखेल शे."  अर्जदाराने कुंदाबाईस खाटेवर निजवून तपासले व बाळंतपणास हजर राहण्याचा शब्द दिला.

५. अर्जदाराच्या जागी अद्याप कोणाची नेमणूक झालेली नाही. ती गेल्यास उपकेंद्रास कुलूप लागेल. सबब बाळंतपण होईपर्यंत बदली स्थगित करावी व त्या दिवसांत जीप उपलब्ध ठेवावी. पुन्हा तसेच घडल्यास या गावात अर्जदारास उभे राहता येणार नाही, याची तिला जाणीव आहे. रात्री झोप लागत नाही.

६. कार्यमुक्त होण्याची मुदत काल संपली. अर्जदाराने उपकेंद्राची किल्ली दिलेली नाही. याबद्दल होईल ती कारवाई तिला मान्य आहे. फक्त ती कुंदाबाई मोकळी झाल्यावर व्हावी.

आदेश मोडण्याचा हेतू नसलेली,
आपली नम्र,
(प्रमिला हिलाल भदाणे)
आमखेडी, दि. ९ नोव्हेंबर १९९१

सोबत : बदली आदेशाची प्रत.