पाचव्या दिवसाची तिकिटं

कामठा, रविवार संध्याकाळ

ऑस्ट्रेलियातली शेवटची कसोटी आज दुपारी संपली. तिसऱ्याच दिवशी, डावाने हरलो! आमचं विमान आज रात्री नागपूरहून, आणि हातात तिकिटं पाचव्या दिवसाची.

उशिरा पिकणाऱ्या भारी धानाची चुरणी-मळणी आटोपल्याशिवाय घर सोडायचं नाही, हा हट्ट माझा. बाबा सांगत होते, धान मजुरांवर सोड. काऊन ऐकलं नाही मी?

बाबांचा उजवा डोळा गेलाच आहे. डावा उन्हाळ्यापर्यंत टिकला तर टिकला, असं डॉक्टर म्हणाले. त्याआधी एकदा आपली टीम तिथं खेळताना त्यांना दाखवायची होती. एवढंच तर होतं.

सकाळपासून निळी जर्सी घालून ते गावभर निरोप घेत फिरले. उजव्या बाहीला दुकानाचं लेबल तसंच लोंबकळतंय. त्यांना दिसलेलंच नाही.

आत्ता परतले. कसं सांगू? मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "मालूम हाय मले. सारं गाव तोंड चुकवून राहिलं होतं. तू काऊन रडून राहिला बे? मैदान तं असंल ना तेथं? तेच दाखव."

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

लेबल अजून तसंच आहे. विमानात झोपले की काढीन.