घरपट्टीतलं नाव

दि. २४ मार्च २००२

चि. सौ. बारकीस ताईचा आशीर्वाद.

इकडे बरं आहे. वाल सुकवून ठेवलेत, कोणी शहापूरला निघालं की पाठवते.

ग्रामसभेत मी बोलले त्याचा साईनाथरावांना राग आला, असं तू लिहिलंस. येऊ दे. मी एवढंच विचारलं, की माझ्या दोन खोल्या टेप लावून मोजल्या, मोरीसुद्धा सोडली नाही, मग कंपनीच्या शेडला टेप का लावत नाही? तिची पट्टी ठोक रकमेवर ठरते, आणि ती ठरवायला कंपनीकडून बसतात साईनाथरावच, तुझे यजमान. मागून लडकूभाऊ म्हणाले, "वयनी, त्या शेडला टेप नाय पुरायचा, मोजाया यष्टीच फिरवाया लागंल." सगळे हसले. तूही हसलीस, त्यांच्या शेजारच्या खुर्चीत.

निम्मा राग मला त्या खुर्चीचा होता.

तुझा अर्ज मिळाला. विधवा म्हणून माझी पट्टी माफ होईल, फक्त घर माझ्या नावावर करून घ्यायचं. तू मायेनेच पाठवलास. पण मला माफी मिळाली की शेडचं विचारणारं कोणी उरणार नाही, हे साईनाथरावांना कळतं आणि मलाही.

मी सही केलेली नाही. कंपनीने चौरस फुटावर मोजून पट्टी भरावी, मीही भरते.

दुसरं कारण लिहिणार नव्हते. वसुलीला गणू शिपाई पंचायतीच्या ओट्यावरून नावं पुकारतो. "कुंडलिक देवजी देसले." मी पुढे होऊन म्हणते, "हाय." गणू म्हणतो, "काकी, नाव बदलून घ्या ना गो." मी म्हणते, "तू पुकार रे." ते होते तेव्हा त्यांचं नाव माझ्या तोंडी आलं ते उखाण्यातच. आता मला उखाणा कोण घ्यायला सांगतंय? वर्षातून एकदा ते नाव चारचौघांत मोठ्याने ऐकू येतं. तेवढ्यासाठी मी पट्टी भरते.

तू "अहो" म्हणतेस आणि कोणीतरी वळून बघतं. तुझा फ्रीज, कंपनीची खोली, त्याचं मला काही नाही. त्या वळून बघण्याचा हेवा वाटतो.

अर्ज कोराच परत पाठवते. पुढच्या सभेतही मी टेपचंच विचारणार, तू कुठेही बस.

नाव बोलायचं नसतं, लिहायला कोणाची बंदी नाही.

तुझी ताई,
कुंडलिक देवजी देसले यांच्या घरची