इस्त्री केलेलं फडकं

१२ जानेवारी, दुपार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुझे टाके भरत आले असतील, दोन घास नीट खात असशील अशी आशा करते. मीही बरी आहे. झालं रीतीचं लिहून. आता खरं लिहिते: माझं डोकं फिरलंय, आणि ते तुझ्यामुळे फिरलंय.

फोन तू उचलत नाहीस. भावजींकडे निरोप दिला तर ते "सांगतो हं" म्हणतात आणि आपल्या बुटांकडे बघत राहतात. म्हणून हे पत्र. फाडायचं तर फाड, पण आधी वाच.

तुझी मुलगी बरी आहे. नळीतून दिलेलं दूध पचवते, वजन धरायला लागली आहे, श्वासाचं यंत्र परवाच काढलं. चिडकी आहे, तुझ्यावर गेलीये. सुई टोचली की असं तोंड करते, लहानपणी माझी वेणी ओढायच्या आधी तू करायचीस ना, अगदी तेच.

काल भावजींनी फडकं आणून दिलं. मी त्यांना काय सांगितलं होतं? साधंच. तू आंघोळ करायची, हे मऊ फडकं ब्लाऊजच्या आत छातीशी ठेवून झोपायचं आणि सकाळी तसंच पिशवीत घालून पाठवायचं. आमच्या वॉर्डात काचेच्या पेटीतल्या प्रत्येक बाळाच्या उशाशी त्याच्या आईचं असं फडकं असतं. एवढ्याशा बाळाला नीट दिसत नाही, पण आईचा वास कळतो. वास आला की ते शांत होतं. बस्स, त्या फडक्याचं काम एवढंच.

आणि तू ते धुतलंस! जंतुनाशकात बुडवलंस, वाळवलंस, वर कडक इस्त्री करून घडी घातलीस! पिशवी उघडली तर नुकत्याच पुसलेल्या फरशीचा वास. आमच्या इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, "अगं, तुझी बहीण बाळंतीण आहे की लॉन्ड्रीवाली?" सगळ्या हसल्या. मीही हसले. मग दूध ठेवायच्या खोलीत गेले आणि त्या फडक्याचा बोळा करून भिंतीवर फेकला. खुळे, वासच तर हवा होता!

मला माहीत आहे, हे तुझ्या एकटीच्या डोक्यातलं नाही. आई तिथे शेजारी बसून काय सांगत असेल ते मला इथे ऐकू येतंय. "आत्ताच जीव लावू नकोस गं. आधी तिचं निभावू दे." आईला सांग, धाकटी म्हणाली, गप्प बस. प्रेमाने म्हणाली वगैरे काही जोडू नकोस.

आता ते लिहिते, जे आपल्या घरात कोणी तोंडातून काढत नाही. तुझ्या मुलाबद्दल.

हो, मुलगा. होता तो. आपण सगळे "त्या वेळी" म्हणतो आणि विषय बदलतो, जसं काही घरात चोरी झाली होती. मी तेव्हा कॉलेजात होते, तुझ्यासोबत दवाखान्यात राहिले होते. तू भिंतीला धरून कशीबशी पेटीपाशी गेलीस, तिच्या खिडकीतून हात आत घातलास, आणि ती सिस्टर ओरडली, "हात काढा! जंतू लागतील, मग आमच्या नावाने रडाल!" चटका बसल्यासारखा तू हात मागे घेतलास. संध्याकाळी तो गेला. तेव्हापासून तुला वाटतं की तो तुझ्या हाताने गेला. कधी बोलली नाहीस तू, पण बेसिनपाशी तासन्‌तास हात घासताना मी तुला बघितलंय.

तो तुझ्या हाताने गेला नाही, ताई. त्याची फुप्फुसंच तयार झाली नव्हती. मी आता हे शिकलेय, अशी बाळं सांभाळतेय, म्हणून छातीठोकपणे सांगते.

लोकांना वाटतं, मला बाळं आवडतात म्हणून मी नर्स झाले. तूसुद्धा म्हणाली होतीस, "रोज तेच? कसं बघवेल तुला?" अगं, मी त्या ओरडणाऱ्या सिस्टरच्या रागाने नर्स झाले! तिच्या जागी मी उभी राहणार होते आणि येणाऱ्या प्रत्येक आईला सांगणार होते, हात धुवा आणि घाला आत, बाळ तुमचंच आहे. सांगतेही. बायका कचरतात, तर मी मनगट धरून हात आत नेते. आणि माझी सख्खी बहीण घरी बसून फडक्यांना इस्त्री करते!

अजून एक. हे लिहायचं नव्हतं. आज सकाळी दुपटं बदलताना मी बडबडत होते, तर तिने माझ्या आवाजाकडे मान वळवली. सगळ्या म्हणाल्या, बघ, मावशीला ओळखते! मला आनंद व्हायला हवा होता. संताप आला. माझा आवाज तिला ओळखीचा आणि तुझा परका, हे मला नकोय. मला तिचे लाड करायचेत, तुझ्या चोरून तिला लिमलेटच्या गोळ्या द्यायच्यात, तुझ्याविरुद्ध फूस लावायचीय. मला तिची आई नाही व्हायचं.

यंत्र निघालंय, म्हणून आता तिला उघड्या छातीवर घेता येईल. डॉक्टरांनी आजच हो म्हटलं. पडदा लावून खुर्ची तयार ठेवली आहे. सिस्टर म्हणाल्या, "आई येत नसेल तर तू घे." मी नाही म्हणाले. त्या खुर्चीत मी बसणार नाही. ती रिकामी राहिली तर राहू दे, येता-जाता मला दिसू दे.

सोबत एक फडकं पाठवतेय. आज सकाळपासून ते तिच्या अंगाखाली होतं. धुतलंस तर याद राख. नाकाला लाव. आई मध्ये आली तर तिच्याही नाकाला लाव.

उद्या दुपारी ये. पुढून उघडणारा ब्लाऊज घाल. तुझे हात मी धुवून देईन, कोपरापर्यंत, आणि एकदाच. मग मनगट धरीन.

तुझ्या मुलीची मावशी,
फक्त मावशी